सुकाणूवरचा हात

ही गोष्ट दोन हजार सतरा सालच्या डिसेंबरातली. त्या वर्षी थंडी लवकर उतरली होती आणि मखमलाबादच्या मळ्यांत दिवाळीनंतरही झेंडू टिकून होता. नाशकातल्या एका महिला मंडळाने तेव्हा एक अचाट बेत काढला. चाळिशी उलटलेल्या बायकांना शिडाची होडी चालवायला शिकवायची. आधी गंगापूर धरणावर सराव, मग कोकणात आठवडाभर किनाऱ्या-किनाऱ्याने प्रवास. वस्तीपासून लांबच्या पुळणीवर तंबू ठोकायचे, आपलं आपण रांधायचं.

दीपमाला त्या मंडळात हार द्यायला जायची. हारांची पाटी खाली ठेवता ठेवता तिने हे ऐकलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी आले तर चालंल का?" स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली.

घरात शब्द चालायचा थोरल्या दिरांचा, खंडेरावांचा. दीपमालेचा नवरा समाधान दादांकडे बघून मान हलवायचा, एवढंच. खंडेरावांनी पानाला चुना लावत निकाल दिला, "थोरली संगं जात असंल तर जाऊ दे." म्हणजे तिची मोठी जाऊ, विमलाबाई. विमलाबाईंना पाण्याचं काडीचं वेड नव्हतं, पण राखणीचं काम त्यांनी कधी टाळलं नव्हतं.

राखण पहिल्या आठवड्यापासूनची होती. दीपमाला नवी नवरी होऊन आली तेव्हा दिरांना वाढताना तिचा पदर डोक्यावरून घसरला. आत आल्यावर विमलाबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. "हात मोडला तरी चालंल, ह्यांच्यासमोर पदर ढळायला नाय पाहिजे." तेव्हापासून दीपमालेचा उजवा हात तिला न विचारता वर जायला शिकला. कणकेने भरलेला असो नाहीतर विळा धरलेला, खंडेराव दिसले की हात डोक्याकडे.

धरणावर शिकवायला वैष्णवी होती, तिशीतली, उन्हात रापलेली, मोजकं बोलणारी. तिने सांगितलं, सुकाणूची दांडी डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे वळते.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच!" लताबाई म्हणाल्या. "पाहिजे त्याच्या उलट सांगायचं." लताबाई कॉलेज रोडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या असल्या की होडीत हसू असायचंच.

दीपमालेला मात्र हे उलटंपालटं गणित पहिल्याच दिवशी उमगलं. वारा कानामागे लागला की कुठून येतोय ते तिला कळायचं. विमलाबाई साडी खोचून, वर बुडू नये म्हणून दिलेला फुगीर कोट चढवून, मधल्या फळीवर मांडी ठोकून बसायच्या.

"बाई, धरून तर बघा एकदा."

"तूच धर. मी होडीवर नाय, तुझ्यावर ध्यान ठेवाया आले."

वैष्णवीने सर्वांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. वारा पाठीमागून असला की होडी झोकात पळते, पण तेव्हाच ती दगा देते. सुकाणू जरा चळलं की शिडाखालची आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धाडकन येते आणि मधे येईल ते झोडपते. "घरातून फोन येवो नाहीतर आभाळ कोसळो, तेव्हा सुकाणूवरचा हात काढायचा नाही."

कोकणात दीपमाला वेगळीच बाई झाली. लताबाईंनी तिला आपला पंजाबी ड्रेस दिला आणि टोपी दिली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या मानेला वारा लागला. सुरूच्या बनात चूल पेटवताना विमलाबाई म्हणाल्या, "हे सोंग घरी कळलं तर?"

"तुम्ही सांगितलं तरच कळंल, बाई."

पंचवीस वर्षांत केलेलं हे पहिलं उलट उत्तर. विमलाबाईंनी लाकूड तेवढं चुलीत खोल सारलं.

शेवटच्या सकाळी वैष्णवीने दीपमालेला बाजूला घेतलं. "आज मी तुमच्या होडीत बसणार नाही. माझ्याशिवाय किनाऱ्याला लावा. नीट लावलीत तर पुढच्या वर्षी धरणावर नव्या बायकांना शिकवायला तुम्ही माझ्यासोबत."

दीपमालेने मनातल्या मनात मोजलं. मळा दिरांचा, घर जावेचं, नवरा दादांचा. आपलं म्हणावं असं एवढंच तिच्या वाट्याला येऊ घातलं होतं, आणि ते मिळायला एक दुपार मधे होती.

त्या दुपारी वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत होता, थेट पाठीवर. होडी अशी निघाली की लताबाईंनी शिट्टीच मारली. दीपमाला मागे, उजवा हात सुकाणूवर. तिच्याकडे तोंड करून विमलाबाई. पुळणीवर माणसं दिसू लागली. मंडळाने घरच्यांना समारोपाला बोलावलं होतं.

"अगंबाई, स्वागताला पुढारी आलेत वाटतं," लताबाई हसल्या. "पांढरी टोपी बघा!"

दीपमालेने बघितलं. पांढरी टोपी, कमरेवर हात, पाण्याच्या अगदी काठाशी. खंडेराव.

आणि तिचा उजवा हात वर गेला. डोक्यावर पदर नव्हता, टोपी होती. बोटं पदर शोधत तिच्या कपाळाशी चाचपडत राहिली आणि तेवढ्यात सुकाणू फिरलं. वैष्णवी दुसऱ्या होडीतून ओरडली. ती आडवी काठी कडाडून आली आणि विमलाबाईंच्या कानशिलावर बसली.

होडी कलंडली ती कमरेएवढ्या पाण्यात, म्हणून जीव वाचले. विमलाबाईंना दादांबरोबर आलेल्या समाधानने खांद्यावर घालून काठावर आणलं. मानेवरून रक्त ओघळत होतं.

"कुणाच्या हातात काय देता तुम्ही?" खंडेराव वैष्णवीवर गरजले. मग भावजयीकडे पाहिलं, त्या भिजून अंगाला चिकटलेल्या ड्रेसकडे, आणि तोंड फिरवलं.

वैष्णवी दीपमालेजवळ आली. "सुकाणू का सोडलंत?"

काय सांगणार? सगळं जग हसेल असं कारण. दीपमालेने विमलाबाईंकडे पाहिलं. लताबाईंचं लक्ष पुळणीकडे होतं; हात कुठे गेला ते एकट्या विमलाबाईंनी बघितलं होतं, अगदी समोरून. विमलाबाईंनी कानाशी फडकं दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

"निसटला हात," दीपमाला म्हणाली.

"हात निसटला असता तर मी समजू शकले असते. पण तुम्ही तो उचललात." वैष्णवीच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच दीपमालेला जास्त लागलं. "अशा हातात मी दुसऱ्या बायका कशा देऊ?"

विमलाबाईंचा डावा कान कायमचा गेला. गावी परतल्यावर समाचाराला बायका येत. विमलाबाई उसासा सोडून म्हणत, "तिनं सोडलं एवढं खरं. मुद्दाम का कसं, ते देवाला ठावं." मखमलाबादेत एवढं पुरलं. हळदीकुंकवाला दीपमाला आली की बायका आपसात खुणा करत, "लांब बस गं, हात सुटायचा तिचा." ती दाराशीच बसायची.

लताबाई पुढे मुलाकडे बंगळूरला गेल्या. दर दिवाळीला फोन करायच्या, "चला, पुन्हा जाऊ," म्हणायच्या. अलीकडे त्यांना दीपमाला कोण ते चटकन आठवत नाही. वैष्णवीने धरणावर आणखी काही वर्षं बायकांना शिकवलं आणि मग गोव्याला निघून गेली. तिच्या हाताखाली विंचूरची एक बाई तयार झाली, तिचा फोटो पेपरात आला होता. समाधान मात्र आहे तसाच आहे.

विमलाबाई दोन हजार बावीस साली अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं दीपमालेनेच केलं. एका दुपारी वेणी घालून घेता घेता त्या म्हणाल्या, "तुझा हात कुठं गेला ते मी बघितलं होतं."

दीपमालेची बोटं थांबली. ती चांगल्या कानाकडे वाकली. "मग बोलला का नाय, बाई?"

"बोलले असते तर त्या होडीवाल्या पोरीनं तुला परत बोलावलं असतं. तू गेली असतीस. ह्या घरात मी एकटी उरले असते." मग म्हणाल्या, "घट्ट घाल. सैल झाली वेणी."

दीपमालेने वेणी घट्ट घातली. महिन्याभरात विमलाबाई गेल्या.

आता घरातली थोरली दीपमालाच. खंडेराव आहेत, ओसरीवर बसून असतात. मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे गेले. समोर कोण आहे हेही त्यांना कळत नाही, मग डोक्यावर पदर आहे की नाही ते कुठून कळणार? पण दीपमाला चहा घेऊन बाहेर येते, ते खोकतात, आणि भरलेला कप हिंदकळून तिचं मनगट भाजतं. हात वर गेलेला असतो.