टायफॉइडचा दाखला

महिपतने मधूच्या डोक्यावर पाणी चोळलं आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सरोजच्या कपाळाची शीर तडतडायला लागली.

रविवारची सकाळ होती. मागच्या अंगणात पाट टाकून अप्पांनी मधूला बसवलं होतं. महिपत वर्षानुवर्षं घरी येणारा न्हावी. वस्तरा हातात घेऊन त्याने हळूच विचारलं, घरातलं कोण गेलं. अप्पा म्हणाले, "कोणी गेलं नाही. टायफॉइड झालेला त्याला, केस गळतायत. सगळे काढ." तुम्ही धडधाकट समोर उभे असताना मुलाचं डोकं भादरलेलं मला बघवणार नाही, एवढं बोलून आई आत निघून गेली. मधू मात्र मान खाली घालून बसून राहिला. एकोणीस वर्षांचा मुलगा, पण सांगतील तसा बसला, आणि सरोजला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

कारण मधूला टायफॉइड झालाच नव्हता. ठाण्याहून रोज गाडीने मुंबईच्या कॉलेजात जायचा, इंटर सायन्सला होता तो. दिवाळीनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर गावातल्याच तलावाच्या काठी बसून राहायचा. घरात हे कळेपर्यंत महिना उलटला होता. मग तो अंथरुणातून उठेनासा झाला. पुस्तक उघडलं तरी अक्षरं आत शिरत नाहीत म्हणायचा. डॉक्टर गुप्ते तासभर त्याच्याशी बोलले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, आजार मनाचा आहे, बरा होईल, पण यंदा परीक्षा नको. आणि घरातल्या कोणीतरी रोज त्याच्याजवळ बसून तो बोलेल ते ऐकून घ्यावं.

अप्पांना ते पटण्यासारखं नव्हतं. वेड्यांचं इस्पितळ गावातच. बाहेरगावचे पाहुणे थट्टेने म्हणत, ठाण्याला पाठवायला हवं याला, आणि ठाण्याच्या लोकांना त्यावर हसावं लागे. त्यात सरोजचं लग्न व्हायचं होतं. तीन संध्याकाळी अप्पा दवाखान्यात जाऊन बसले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी टायफॉइडचा दाखला लिहून दिला. एवढे शिकलेले डॉक्टर, पण तेही वाकले. आणि सरोज तरी काय वेगळी होती? शेजारच्या कलावतीबाईंना ताप किती चढला होता ते तिनेच आकड्यांसकट सांगितलं होतं.

हजेरी कमी पडल्यामुळे मधूची टर्म अडकली होती. मुलाला घेऊन समक्ष भेटा, असं प्रिन्सिपॉलनी कळवलं होतं. दाखला मानला गेला की तीन आठवड्यांनी तो परीक्षेला बसणार, असं अप्पांनी ठरवून टाकलं होतं. पण परवाच मधू तिला म्हणाला होता, "ताई, पेपर समोर आला ना, तर मी तिथून घरी येणार नाही." तिने ते अप्पांच्या कानावर घातलं. अप्पा म्हणाले, ही सगळी नाटकं आहेत.

सोमवारी अप्पांना कचेरीतून रजा मिळाली नाही. खरं तर त्यांनी मागितलीच नाही. खोटं लिहवून आणायला ते होते, पुढे करायला सरोज.

सरोज मधूला घेऊन कॉलेजात त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा प्रिन्सिपॉलनी वर पाहिलं. मधूचं गुळगुळीत डोकं दिसताच ते खुर्चीतून अर्धे उठले.

"अरेरे. बस, बाळा, बस. वडील कधी गेले?"

दोघंही काही बोलेनात. ते दुःखच असेल असं समजून प्रिन्सिपॉल मायेने बोलत राहिले. अशा वेळी हजेरी कोण बघतं, टर्म मिळाली असं समज. मन थाऱ्यावर नसेल तर यंदा परीक्षेला बसू नकोस, जूनपर्यंत तुझी जागा राखून ठेवतो. कधीही ये, माझ्याशी बोल.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं न मागता समोर आलं होतं. फक्त बापाला मारायचं होतं. सरोजने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं, आणि अप्पांवरचा राग असा होता की ती हलवणारही होती.

"वडील आहेत, सर," मधू म्हणाला. "ठणठणीत आहेत."

मग प्रिन्सिपॉलचं लक्ष सरोजच्या हातातल्या दाखल्याकडे गेलं. "म्हणजे टायफॉइड?"

"तेही नाही." आणि मधूने सगळं सांगितलं, अडखळत, पण तलावाच्या काठापासून शेवटपर्यंत.

ऐकता ऐकता प्रिन्सिपॉल खुर्चीत मागे सरकले. असं आहे होय, म्हणाले. मग म्हणाले, हा प्रश्न वेगळा आहे, प्रयोगशाळेत ॲसिडं असतात, इतर मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे, तुम्ही याचं नाव काढून घेतलेलं बरं.

मधू उभा राहिला.

"बाप मेला असता तर मला जवळ बसवून घेणार होता तुम्ही. तो मेला नाही, माझं मन आजारी पडलंय, तर मी ॲसिड पिणारा झालो? मघाशी म्हणालात, माझ्याशी बोल. आता बोललो ना मी?"

सरोजने टायफॉइडचा दाखला त्यांच्या टेबलावरच फाडला.

"डॉक्टरांचं खरं पत्र उद्या आणून देते," ती म्हणाली. "बाप मेलेल्या मुलासाठी जी जागा ठेवणार होतात, तीच याला ठेवा. जास्त काही मागत नाही."

प्रिन्सिपॉलनी कागदाचे तुकडे बाजूला सारले. मग पॅड ओढून लिहायला लागले. जूनपर्यंत जागा राखीव, डॉक्टरांच्या पत्रावर. चिठ्ठी तिच्या हातात देताना त्यांनी मधूकडे पाहिलं नाही. सरोजने आभार मानले नाहीत.

ठाण्याला उतरल्यावर ती डॉक्टर गुप्त्यांच्या दवाखान्याकडे वळली, पण मधू म्हणाला, आधी अप्पा.

कचेरीत अप्पांच्या दोन्ही बाजूंना कारकुनांची टेबलं होती. मुलांना पाहून ते लगबगीने उठले. काम झालं का, म्हणून त्यांनी खुणेनेच विचारलं. सरोज त्यांच्या कानाशी वाकली. घरातली ही गोष्ट कुजबुजत बोलायची सवयच लागली होती तिला.

"मोठ्याने सांग, ताई," मधू म्हणाला.

ती सरळ उभी राहिली. "अप्पा, मधूला टायफॉइड झालेला नाही. त्याचं मन आजारी आहे, आणि यंदा तो परीक्षेला बसणार नाही."

अप्पांनी आधी आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं, मुलाकडे नाही. म्हणून तिने ते पुन्हा एकदा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.