तीन नंबरचा मीटर

आमच्या शेतावर सुट्टीला येणाऱ्यांच्या पाच कॅरव्हॅन, गाडीमागे ओढत आणायची चाकांवरची घरं, उभ्या राहतात. सहावीला परवानगी नाही. बरीच वर्षं आम्ही विजेचे वेगळे पैसे घेत नव्हतो, भाड्यातच सगळं यायचं. मग दर वाढले. एका ऑगस्टचं बिल बघून माझा नवरा ग्वीलिम जेवता जेवता ताटावरून उठला. "आपण मेंढ्या विकून लोकांचे हीटर चालवतोय, नेस्टा," तो म्हणाला. पुढच्या वसंतात वायरमन बोलावून जुन्या दूधघराच्या भिंतीवर पाच मीटर बसवून घेतले. दर शनिवारी सकाळी आकडे वहीत उतरवायचे आणि पाचही जणांकडे फिरून पैसे गोळा करायचे, हे काम माझ्याकडे आलं.

मला ते काम आवडायला लागलं होतं, हे आधीच सांगून टाकते. हातात वही असली की माणूस जरा ताठ चालतो.

क्लिफ आणि मॅविस टनिक्लिफ आमच्याकडे सोळा वर्षं येत होते. स्टोकचे. दोघांचं आयुष्य कपबश्यांच्या कारखान्यात गेलेलं. तो भट्टीवर होता, ती कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायची. सत्याहत्तराव्या वर्षीही तिचा हात स्थिर होता. त्यांची कॅरव्हॅन जुनी, लहानशी. सप्टेंबरचे चार आठवडे ती तीन नंबरच्या जागेवर असायची. माझी आई गेली त्या सप्टेंबरात मॅविस रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. समजावणं वगैरे काही नाही. बटाटे सोलून द्यायची, कप विसळायची आणि निघून जायची.

मीटर बसवले त्या वर्षी शेजारच्या चार नंबरवर मिस्टर पेनबर्थी होते, कॉर्नवॉलचे निवृत्त मुख्याध्यापक. मोठी नवीकोरी कॅरव्हॅन, बाहेर जोडलेला प्रशस्त तंबू, आणि एक म्हातारं कुत्रं. आल्या दिवशी त्यांनी मला घरच्या मुरंब्याची बरणी दिली आणि आमच्या कुंपणाची तारीफ केली. मला ते फार सभ्य वाटले.

पहिल्या शनिवारी मी आकडे उतरवले. चार नंबर, अकरा युनिट. तीन नंबर, एकशे चौदा.

मी वही घेऊन बाहेर आले. ऊन छान होतं, सगळे खुर्च्या टाकून चहा घेत बसले होते. क्लिफला बाजूला बोलावून सांगता आलं असतं. मी सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "तीन नंबरवाल्यांनी बेकरी काढलीय की काय? पाव कधी मिळणार आम्हाला?"

सगळे हसले. मॅविसही हसली. क्लिफ म्हणाला, "किती झालं, पोरी?" तो मला पहिल्यापासून पोरीच म्हणायचा, मी पंचावन्नची झाले तरी.

"चौतीस पौंड."

"एका आठवड्याचे?"

"मीटर काय माझा भाऊ लागतो, माझ्या बाजूनं बोलायला? आणि हे बघा, मिस्टर पेनबर्थी. सव्वातीन पौंडांत आठवडा काढला. शिका जरा."

पेनबर्थींनी कप उंचावला. "सवय हो, सवय. वडील मिशनरी होते आमचे."

क्लिफनं पाकीट काढून पैसे दिले. नोटा देताना माझ्याकडे बघितलं नाही. शेवटच्या दोन खुर्च्यांवर लिव्हरपूलच्या दोघी बहिणी बसल्या होत्या, त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागली. ते मी पाहिलं आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. फुकटची वीज सोळा वर्षं जाळली असणार यांनी, असं मनात आलं.

पुढच्या बुधवारी क्लिफ दाराशी आला. टोपी हातात.

"मीटर दाखवतेस का, पोरी? विश्वास नाही असं नाही. पण हीटर आम्ही पेटीतून काढलेलासुद्धा नाही. किटली तेवढी. आत्ता येताना सगळं बंद करून आलोय, एकूण एक बटण."

मी किल्ली घेतली, दूधघर उघडलं. तीन नंबरवरचा लाल ठिपका, वीज वापरात असली की लुकलुकणारा, टकटक टकटक लुकलुकत होता. क्लिफ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"बंद करून आलोय मी," तो पुन्हा म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"मॅविस आत आहे ना?" मी म्हणाले. "तिनं लावलं असेल मागाहून. या वयात होतं असं. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं."

हे वाक्य माझं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते बोलायची काही गरजही नव्हती. क्लिफनं टोपी घातली आणि हळूहळू मैदान उतरून गेला.

त्यानंतरचं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. मॅविस कोट घालून बाहेर खुर्चीवर बसलेली असायची. क्लिफ दर थोड्या वेळानं आत जायचा, बाहेर यायचा. एकदा तो किटली हातात घेऊन गाडीच्या डिकीकडे गेला, ती आत ठेवली आणि डिकीला कुलूप लावलं. मॅविस काहीतरी बोलत होती, हात पसरून. तो मान हलवत होता. भांडण ऐकू आलं नाही. सोळा वर्षांत त्यांना भांडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी एकशे अठरा. तिसऱ्या शनिवारची वाट न बघता ते निघाले. क्लिफनं पैसे पाकिटात घालून आणून दिले. "हिला घरीच बरं पडेल," एवढंच म्हणाला. मॅविस गाडीतून उतरली नाही. मी काचेवर टकटक केली तर तिनं माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. त्या हसण्यात एक विचारणं होतं, जणू मी कोण हे तिला आठवतंय की नाही, हे मीच तिला सांगणार होते.

मी ग्वीलिमला म्हणाले, "बिचारी मॅविस. डोकं साथ सोडतंय तिचं." आणि पाच दिवस मला तिची नुसती कीव येत होती.

सहाव्या दिवशी दूधघरात रंगाचा डबा आणायला गेले. तीन नंबरची जागा रिकामी, गवतावर चाकांचे पिवळे पट्टे तेवढे उरलेले. आणि तीन नंबरचा लाल ठिपका लुकलुकतोय. टकटक टकटक.

आधी वाटलं, तार कुठेतरी जमिनीला लागलीय. मी तीन नंबरचं बटण खाली ओढलं. मिनिटभरानं पेनबर्थी सपाता घालून मैदान चढत आले, कुत्रं मागे.

"नेस्टाबाई, वीज गेली का हो? दोन्ही हीटर एकदम बंद पडले."

"दोन्ही?"

"एक तंबूतला. याच्या संधिवाताला ऊब लागते, दिवसभर चालू ठेवतो." त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"दिवसभर दोन हीटर, आणि सव्वातीन पौंड? तुम्हाला काही वाटलं नाही?"

त्यांनी वाकून कुत्र्याचा पट्टा नीट केला. "मला वाटलं, तुमच्याकडे दर स्वस्त आहे."

मी बटण वर केलं आणि घरात जाऊन वायरमनला फोन लावला. ह्यू त्याचं नाव, गावातलाच.

"तीन आणि चारच्या तारा उलट आल्यात, हे मी बसवलं तेव्हाच सांगितलं होतं की," तो म्हणाला. "खाली खडक लागला, वळवून आणाव्या लागल्या. म्हणून भिंतीवर मीटरखाली खडूनं लिहून ठेवलं. एक, दोन, चार, तीन, पाच. बघ ना."

बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. सीझन सुरू व्हायच्या आधी त्या भिंतीला मी स्वतः चुना मारला होता. खडूचे आकडे घाणेरडे दिसत होते म्हणून पुसले, आणि दुकानातून आणलेले छान निळे आकडे ओळीनं चिकटवले. एक, दोन, तीन, चार, पाच. चिकटवून झाल्यावर दोन पावलं मागे सरून मी ते कौतुकानं पाहिलेही होते.

ग्वीलिम म्हणाला, "चेक पाठव, वर चार ओळी लिही. चूक कुणाची होत नाही?"

"जाते मी."

"स्टोकला? तीन तास जायला, तीन यायला?"

मी गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात चुना आधी येत होता, मी नंतर.

दार क्लिफनं उघडलं. मला बघून तो गोंधळला, मग आत घेतलं. बैठकीची खोली नीटनेटकी होती, पण भिंतींवर जागोजागी चिठ्ठ्या होत्या, त्याच्या मोठ्या अक्षरांतल्या. दिव्याच्या बटणावर: बंद केलं का? टीव्हीवर: बंद केलं का? स्वयंपाकघरात शेगडी होती, पण तिची चारही बटणं काढून घेतलेली. मॅविस टेबलापाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून. कुणी सांगेपर्यंत काही करायचं नाही, असं ठरवल्यासारखी.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," क्लिफ हळू आवाजात म्हणाला. "तपासण्या लावल्यात. मुलीला सांगितलं. कॅरव्हॅन विकली परवा. गॅस असतो तिच्यात, धोका कशाला."

रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "मीटर चुकीचा होता. तुमची वीज नव्हतीच ती, शेजारची होती. आकडे मी उलटे लावले होते. मॅविसनं काही चालू ठेवलं नव्हतं. एकदाही नाही."

क्लिफ खुर्चीवर बसला. मॅविसनं मान वर केली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. खडूचं, चुन्याचं, निळ्या आकड्यांचं, सगळं.

"कागदावर लिही."

तिनं खणातून कागद आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं. सही केली.

"आता वाच मोठ्यानं."

मी वाचलं. माझा आवाज शाळेतल्या पोरीसारखा येत होता. मॅविस नवऱ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"त्या बुधवारी दूधघरातून आलास तेव्हा तू मला काय विचारलंस, ते सांग हिला."

"मॅविस, राहू दे ना."

"सांग."

क्लिफ टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. मग तीच म्हणाली, "हा मला म्हणाला, हीटर कुठे लपवलास? मी म्हटलं, पेटीत आहे, तूच ठेवलायस. पेटी उघडली, हीटर होता. तर म्हणाला, मी यायच्या आत परत ठेवलास. साठ वर्षं ओळखतो हा मला."

"मीटर चालताना पाहिला होता मी," क्लिफ म्हणाला. "डोळ्यांनी पाहिला होता."

"आणि या वयात होतं असं, हे कुणी सांगितलं त्यांना?" मी म्हणाले. "मी सांगितलं. तेही माझंच."

हे बोललं नसतं तरी चाललं असतं. क्लिफनं ते तिला सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

 मग मॅविस उठली, नवऱ्यापुढे हात पसरून उभी राहिली. क्लिफनं कोटाच्या खिशातून शेगडीचं एक बटण काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते जागेवर बसवलं आणि चहा ठेवला. तीन कप काढले, तिच्या हातची सोनेरी रेघ असलेले. चहा आम्ही प्यायलो. मी पाकीट टेबलावर ठेवलं, दोन्ही आठवड्यांचे पैसे. क्लिफ म्हणाला, "ठीक आहे, बाई." पोरी नाही म्हणाला.

फाटकापर्यंत मॅविस माझ्याबरोबर आली.

"त्यानं मानलं, याचं मला तेवढं नाही," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मीच मानायला लागले होते. इथे घरीसुद्धा. रात्री उठून दिवे बघायचे आणि बंद दिसले की वाटायचं, आपणच आत्ता बंद केले आणि विसरलो."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण लगेच सोडवून घेतला.

परत आल्यावर मी लिव्हरपूलच्या बहिणींना आणि त्या सकाळी हसलेल्या बाकी सगळ्यांना पत्रं लिहिली. पेनबर्थींनी हिशेब मागितला, निम्म्याचा चेक दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. मॅविसच्या मुलीचं एक छोटं पत्र आलं नाताळच्या सुमारास: तपासण्यांत काही निघालं नाही, आई ठीक आहे, कृपया आता फोन करू नका. मी दोनदा केला होता. क्लिफ आणि मॅविस पुन्हा आले नाहीत. यायचे कशात?

ग्वीलिम हा किस्सा गावात सांगतो. मुख्याध्यापकाचं कुत्रं शेकत होतं आणि बिल स्टोकवाल्यांना जात होतं, असा. तो सांगतोही छान, पेनबर्थींचा आवाज काढून. लोक पोट धरून हसतात, आणि कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "काय गं नेस्टा, चुना कुणाला लावलास?" मीही हसते. त्या घरात मी काय पाहिलं, ते मी ग्वीलिमला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मी पैसे दिले, चहा घेतला आणि आले.