आत एक थेंबही नको

मी एक दुर्बीण, पण तारे बघायचं भाग्य काही माझ्या वाट्याला आलं नाही. मी माणसांच्या घशातून पोटात उतरते. करंगळीएवढी जाड, मीटरभर लांब काळी नळी. आत केसाहून बारीक असे हजारो काचतंतू. त्यांच्यातूनच डॉक्टरबाईंना पोटातलं दिसतं.

मला रोज पाण्यात बुडावं लागतं, पण आत थेंबही शिरता कामा नये. ओल गेली की काच धुरकटते आणि आतल्या तारा गंजतात. माझ्या थोरल्या बहिणीला एवढंसं छिद्र पडलं होतं. कुणी पाहिलंच नाही, तसंच धूत राहिले. ती आंधळी झाली आणि भंगारात गेली.

आम्हाला धुणाऱ्या मावशींनी तेव्हापासून धसका घेतलाय. धुण्याआधी त्या पंपाने माझ्यात हवा भरतात, टबात बुडवतात आणि कुठून बुडबुडे येतात का ते बघत बसतात.

मागच्या महिन्यात एका पेशंटने, मला चावू नये म्हणून दातांमध्ये बसवलेली प्लास्टिकची कडी जिभेने ढकलून दिली आणि मला कडकडून चावा घेतला. बाहेर आणखी दोघं उपाशीपोटी ताटकळत होते.

"मावशी, आज ते बुडबुडे राहू द्या. सरळ जंतू मारायच्या औषधात टाका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, मॅडम. आजच चावलंय ना तिला."

"रोज बघता. कधी आलेत का?"

मावशींनी पंपाने माझ्यात हवा भरली. त्यांनी मला बुडवलं आणि वाकवलं. माझा जीव टांगणीला लागला होता. टोकापाशी मोहरीएवढा बुडबुडा निघाला, मग दुसरा. घाबरून कुणी तिथेच पंप बंद केला असता, तर हवेचा जोर ओसरून पाणी आत शिरलं असतं. मावशींनी हवा तशीच ठेवून मला बाहेर काढलं, पुसलं आणि मगच हवा सोडली. डॉक्टरबाईंनी त्या दोघांना दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं. "आतून कोरडी ठणठणीत आहे. नुसतं वरचं रबर बदलायचं." हुश्श! मी सुटले.

मी परत आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, आधी तुम्ही बघा." अकरा वर्षं आम्हाला धुणाऱ्या मावशींनी आमच्यातून कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी माझ्या वरच्या भिंगाला डोळा लावला आणि माझं टोक स्वतःच्या तळहातासमोर धरलं. पाण्याने भेगाळलेली बोटं लख्ख दिसली.

"दिसतंय हो सगळं," म्हणत त्यांनी हात चटकन पदराआड नेला.

आता मी कपाटात सरळ टांगलेली असते, आतबाहेर कोरडी. माझं मागणं एवढंच आहे: मला कोरडं ठेवणारे हात दिवसभर ओले असतात, त्यांच्याकडेही कुणीतरी बघा.