पोटावर कोरलेले नाव

मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा, बुटका, एका बाजूला पोचा आलेला. माझ्या पोटावर बारीक ठिपक्यांनी एक नाव कोरलेले आहे. मित्रांनो, त्या नावाशी मी एकदा बेइमानी केली. ती सांगायलाच आज तुमच्यासमोर आलो आहे.

पण आधी त्या गुरुवारचे सांगतो. तो अगदी साधा दिवस होता. बंगळुरूत, हेब्बाळच्या तळ्याजवळ, आठव्या मजल्यावरच्या घरात कस्तुराबाई नेहमीसारख्या सहाला उठल्या. खाली जाऊन त्यांनी भाजीवाल्याशी "स्वल्प कम्मी माडी, अण्णा" असे म्हणत वांग्यांचा भाव पाडला. वर येऊन भाकऱ्या थापल्या. तीन वर्षांच्या नातीच्या, आसावरीच्या, दोन वेण्या घातल्या. त्यातली एक नेहमीप्रमाणे वाकडी झाली. मग मला पुसून त्यांनी दोन भाकऱ्या आणि भरली वांगी माझ्यात ठेवली.

"प्रणी, डबा ने गं."

प्रणिता, त्यांची मुलगी, दारात उभी राहून बूट घालत होती. "आई, कॅन्टीन आहे तिथे."

"कॅन्टीनवाला भाकरी देतो व्हय?"

"उद्या नेते. नक्की."

"बरं, उद्या," कस्तुराबाई म्हणाल्या.

दुपारी माझ्यातली भाकरी त्यांनी स्वतःच खाल्ली. मला घासले आणि ओट्यावर पालथे घातले. दुसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले, तरी त्या उठल्या नाहीत. झोपेतच हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. मी तसाच पालथा राहिलो. चार दिवस मला कोणी सुलटे केले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, पत्र्याचा दाब देऊन झाला. पण मी खरा जन्मलो तो निपाणीच्या भांड्यांच्या दुकानात, १९८३ साली. कस्तुराबाईंचे लग्न ठरले होते. त्यांच्या मामांनी मला निवडले आणि दुकानदाराने छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन माझ्या पोटावर ठक ठक करत ठिपके उमटवले. सौ. कस्तुराबाई वासुदेव चौगुले. प्रत्येक ठिपक्याला मी कळवळलो. काम झाल्यावर दुकानदार म्हणाला, "आता हा कुठंबी जाऊ दे. परत घरलाच येतोय बघा."

त्याचे बोलणे खरे ठरले. रोज दुपारी मी वासुदेवरावांसाठी तंबाखूच्या वखारीत जायचो आणि संध्याकाळी घरी यायचो. वासुदेवराव अचानक वारले तेव्हा प्रणिता दहा वर्षांची होती. शेजारच्या बाईंनी सुचवले, "त्या डब्यावरचं सौ. खरवडून टाक की आता." कस्तुराबाई म्हणाल्या, "राहू दे. डब्याला कुठं कळतंय?" मित्रांनो, मला कळत होते. पण त्यांनी ते राहू दिले याचे मला बरे वाटले.

मग त्या स्वतः वखारीत कामाला जाऊ लागल्या. खोकला घेऊन घरी यायच्या. त्या खोकल्यावर प्रणिता बेळगावला इंजिनिअर झाली. त्या चार वर्षांत मी दर रविवारी सकाळच्या बसने कंडक्टरच्या सीटशेजारी बसून बेळगावला जात असे आणि रिकामा होऊन सोमवारी परत येत असे. वसतिगृहात माझी केवढी वट होती! "चौगुलेचा डबा आला!" अशी आरोळी उठायची आणि आठ हात माझ्यात शिरायचे. एकदा मी दोन आठवडे हरवलो होतो. हुबळीच्या डेपोत कोणीतरी माझ्या पोटावरचे नाव वाचले आणि मला घरी धाडले. त्या प्रवासात मला हा पोचा आला.

प्रणिताला बंगळुरूत नोकरी लागली. लग्न झाले. मुलगी झाली तेव्हा कस्तुराबाई नातीला सांभाळायला आल्या आणि त्यांच्या पिशवीतून मीही आलो. इथे काचेचे डबे होते, झाकणाला रबर असलेले. मी वरच्या फळीवर गेलो. त्याचे मला फारसे दुःख नव्हते. म्हातारपणी फळी मिळते, हे भांड्यांना ठाऊक असते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत प्रणिताच्या कंपनीने चांगल्या कामाबद्दल तिच्या गटाला घरच्यांसह सहलीला नेले. जमैकाला. कॅरिबियन समुद्राकाठी पाच दिवस, राहणे-खाणे सगळे त्यांचे. कस्तुराबाईंनी मला फळीवरून काढले आणि कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि डिंकाच्या लाडवांनी भरले.

दोन विमाने बदलून आम्ही पोहोचलो. हॉटेलात प्रत्येकाच्या मनगटावर निळा कागदी पट्टा बांधला. तो दाखवला की हवे ते खा, हवे तिथे बसा. कस्तुराबाईंनी हात वर करून पाहिला. "ह्या वयात काकण बांधलंस की गं मला."

समुद्र इतका निळा होता की खोटा वाटावा. वाळू पिठासारखी. नारळाच्या झाडांना झोपाळे बांधलेले, गवताच्या छत्र्यांखाली लांब आरामखुर्च्या आणि दिवसभर कुठून तरी हळू वाजणारे ढोल. लोक काहीच करत नव्हते आणि त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. कस्तुराबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि जावयाला म्हणाल्या, "शंतनुराव, निपाणीहून कारवार चार-पाच तासांवर हाय. तुम्ही दोन दिवस उडवून पुन्हा नारळाखालीच आणलंत मला."

शंतनु इतका हसला की आसावरीही हसू लागली. प्रणिताने मात्र आजूबाजूला पाहिले. तिच्या साहेबांचे, गिरीराज यांचे, कुटुंब शेजारच्याच छत्रीखाली होते.

संध्याकाळी खोलीत ती म्हणाली, "आई, हा डबा बाहेर नको ना आणूस. इथे सगळं फुकट आहे."

"फुकट हाय म्हणून भूक लागती व्हय?"

"तसं नाही गं. लोक बघतात."

दुसऱ्या दिवशी तरीही मी पिशवीत बसून वाळूवर आलो, कारण आसावरी दुसरे काही खात नव्हती. प्रणिता आरामखुर्चीवर पुस्तक वाचत होती. शंतनु पोहायला गेला होता. कस्तुराबाईंना त्या लांब खुर्चीवर पाय पसरून बसणे जमत नव्हते. त्या सुती साडी सावरून खुर्चीच्या पायथ्याशी वाळूत मांडी घालून बसल्या होत्या, दुधात भिजवलेली भाकरी नातीला भरवत. मी त्यांच्या मांडीशी होतो. मला माझी लाज वाटत होती. आसपास उंच काचेचे पेले होते, त्यांत रंगीत सरबते आणि कागदी छत्र्या. ऊन माझ्या पोच्यावर नेमके पडले होते.

श्वेता मॅडम, गिरीराजांच्या पत्नी, चालत आल्या. चांगल्या होत्या त्या, हसऱ्या. इंग्रजीत म्हणाल्या, "प्रणिता, तुमची मेड किती प्रेमानं भरवते! मला अशी कधी मिळालीच नाही. किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

प्रणिताने पुस्तक मिटले. तिने आईकडे पाहिले. वाळूत बसलेली, पायांत शंतनुचे जुने स्पोर्ट्स शूज, हाताला भाकरी लागलेली. एक क्षण गेला. तेवढ्या क्षणात "छे हो, ही माझी आई" हे तीनदा म्हणून झाले असते.

"खूप वर्षं," प्रणिता म्हणाली. "मी लहान असल्यापासून."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

कस्तुराबाईंना इंग्रजी येत नाही, असे प्रणिता धरून चालली होती. पण 'मेड' हा शब्द आमच्या सोसायटीत दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मेड आली का, मेडसाठी ती मागची लिफ्ट. त्यांना कळले. श्वेता मॅडम त्यांच्याकडे बघून "व्हेरी गुड" म्हणाल्या तेव्हा कस्तुराबाईंनी मान तुकवली.

"येस मॅडम," त्या म्हणाल्या.

आणि मग हळूच त्यांनी पदराचे टोक ओढून माझ्यावर टाकले. माझ्या पोटावरचे नाव झाकले गेले. श्वेता मॅडमना मराठी वाचता आले असते की नाही कोण जाणे; पण कस्तुराबाईंनी मुलीच्या शब्दाला कुठूनही धक्का लागू द्यायचा नाही असे ठरवले होते. मित्रांनो, खरे सांगतो, पदराखाली गेल्यावर मला बरे वाटले. आता माझा पोचा कोणाला दिसत नव्हता. माझी बेइमानी ती हीच. ज्या नावाने मला हुबळीहून घरी आणले, ते झाकले गेले आणि मी सुटल्यासारखा श्वास सोडला.

उरलेले तीन दिवस, श्वेता मॅडम समोरून आल्या की कस्तुराबाई बसल्या जागेवरून उठून उभ्या राहायच्या. जेवणघरात, झोपाळ्यावर, कुठेही. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. प्रणिता ते बघायची. "आई, बस," एवढेच तिला म्हणायचे होते. ती पुस्तकाचे पान उलटायची.

खोली झाडायला डेलिया नावाची बाई यायची. थोराड, गाणे गुणगुणत काम करणारी. शेवटच्या सकाळी कस्तुराबाईंनी माझे झाकण काढून तिच्या हातावर लाडू ठेवला. ती खाली बसूनच तो खाऊ लागली. खाता खाता तिने माझ्या ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि खुणेने विचारले, हे काय?

कस्तुराबाईंनी छातीवर हात ठेवला. "मी. कस्तुरा."

"कस्तुरा," डेलिया म्हणाली. मग आसावरीकडे आणि दारात उभ्या असलेल्या प्रणिताकडे बोट दाखवून तिने विचारले, "मामा? ग्रँडमामा?" म्हणजे आई का, आजी का.

कस्तुराबाईंनी उत्तर देण्याआधी प्रणिताकडे पाहिले. जणू परवानगी हवी होती. प्रणिता पटकन आत वळली आणि बॅगा भरू लागली.

ते बघणे मला सर्वांत जड गेले.

त्यानंतर वर्षभर त्या घरात त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही. प्रणिताने एक-दोनदा प्रयत्न केला. एकदा कांदा चिरताना म्हणाली, "आई, ते तिकडे... समुद्रावर..."

"समुद्र लई चांगला होता," कस्तुराबाई म्हणाल्या. "पाणी कसं कोमट, न्हाणीतल्यासारखं. ते फोडणीचं बघ, करपतंय." मुलीला अवघड जाऊ नये म्हणून आईने दार लोटून घेतले आणि मुलीला तेवढे पुरले.

निळा कागदी पट्टा त्यांनी टाकून दिला नव्हता. तेराव्यानंतर प्रणिता कपाट आवरत असताना तो साड्यांमध्ये सापडला. ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. रडली नाही. त्याच दुपारी घरकामाला येणाऱ्या सोयराबाईंनी विचारले, "ताई, वरची जुनी भांडी काढायची का?" प्रणिता उठली, मला हातात घेतले आणि म्हणाली, "हा नको." तिने मला चिंचेने घासले. आईच्या फोटोखाली ठेवले. पण ठेवताना नाव भिंतीकडे केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना घासून-पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगू शकतो. पण आमचे काय, आमचा पोचा लाकडी हातोडीने काढता येतो. ज्याने तुम्हाला आयुष्यभर भरून पाठवले, त्याच्याविषयी कोणी विचारले, तर नाव तिथल्या तिथे सांगा. नंतर सांगायला तुम्ही असाल. ऐकायला तो असेलच असे नाही.

परवा रविवारी गिरीराज आणि श्वेता मॅडम देवनहळ्ळीहून भेटायला आले. आई गेली असे त्यांना ऑफिसातून कळले होते. भिंतीवरचा फोटो तीस वर्षांपूर्वीचा होता, काळ्या केसांचा, चाळिशीही न गाठलेल्या बाईचा. श्वेता मॅडमनी त्याला हात जोडले. त्यांनी ओळखले नाही.

सोयराबाईंनी चहा आणला. श्वेता मॅडम कप घेत हळू आवाजात म्हणाल्या, "ही नवीन आहे का? तुमची ती आधीची बाई कुठे गेली, जमैकाला आलेली? किती माया होती तिला. अशा वेळी ती हवी होती तुमच्याजवळ."

शंतनुला काहीच ठाऊक नव्हते. तो गोंधळून बायकोकडे बघू लागला. 'ती आता नसते,' एवढे म्हटले असते तरी भागले असते. या वेळीही एकही शब्द खोटा ठरला नसता. चहा झाला असता, पाहुणे गेले असते.

प्रणिता उठली. फोटोखालून तिने मला उचलले. तिने मला फिरवले आणि नाव पुढे करून श्वेता मॅडमसमोर धरले. मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, शाळेतल्या मुलीसारखे, मोठ्याने.

"सौ. कस्तुराबाई वासुदेव चौगुले."

श्वेता मॅडमना काही कळले नाही. त्या फोटोकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. प्रणिताने बोट नावावरच ठेवले.

"ती बाई नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला लाज वाटली, म्हणून मी सांगितलं नाही. ती माझी आई आहे."