नेमून दिलेलं दुखणं

चौथ्या परीक्षार्थ्याने पोट दाबलं आणि भिंगरीने ठरल्याप्रमाणे "आई गं!" म्हटलं. जरा उशीरच झाला. त्याने हात उचलल्यावर तिला आठवलं, पण बिचाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही. त्याला दरदरून घाम फुटला होता. भूक लागते का, झोप येते का, ताप होता का, असे पाठ केलेले प्रश्न तो धडाधड विचारत सुटला होता आणि उत्तराला थांबत नव्हता. आठ मिनिटांनी घंटा वाजली. तो तिला "थँक्यू मॅडम" म्हणाला, दाराच्या उंबऱ्याला अडखळला आणि गेला.

मेडिकल कॉलेजची परीक्षा होती ती. भिंगरीचा मेडिकलशी काडीचा संबंध नव्हता. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि इथे खोटी पेशंट म्हणून आली होती. होऊ घातलेल्या डॉक्टरांनी खऱ्या आजाऱ्यांवर हात साफ करू नयेत, म्हणून कॉलेज अशी धडधाकट माणसं बोलावतं, त्यांना एकेक दुखणं नेमून देतं आणि कण्हण्याचे रोख पैसे देतं. आता बोला! सकाळी शिकवण्या, दुपारी लेक्चर, संध्याकाळी एका दुकानाची बिलं संगणकात भरायची; एवढं सगळं करणाऱ्या मुलीला कुणी आडवं पडून राहायचे पैसे देतो म्हटलं, तर ती सोडेल होय? उगाच नाही घरात तिला भिंगरी म्हणत.

पण पैशाइतकीच तिला गंमतही वाटत होती. डॉक्टर आपल्याला तपासतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे तिला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. इथे ते फुकटात बघायला मिळत होतं. कुणी तिच्या डोळ्यांत बघायचं, कुणी भिंतीवरच्या घड्याळात. एकजण तर सगळा वेळ स्वतःच्या बुटांशीच बोलत होता.

तिच्या वाट्याला आलं होतं ॲसिडिटीचं दुखणं. दोन पानी कागद होता: वय वीस, पोटाच्या वरच्या भागात दोन आठवडे जळजळ, उपाशीपोटी जास्त. डोकेदुखीच्या गोळ्या रोज पोटात जातात, पण ते विचारलं तरच सांगायचं. कागदात नाही असं काही विचारलं, तर "तसं काही नाही" म्हणून मोकळं व्हायचं. आपल्या मनाचं घालणाऱ्याला पुन्हा बोलावणार नाही, असा दम कामावर घेणाऱ्या बाईंनी भरला होता. आणि त्याच बाई जाता जाता असंही म्हणाल्या होत्या, "नाटकी नको हं. घरात कुणाला तसला त्रास असेल तर त्याच्याकडे नीट बघा."

घरात होतेच की! भिंगरीचे बाबा रंगारी. दोन महिने त्यांची ॲसिडिटी घरभर गाजत होती. आई रोज मागे लागायची, एकदा दाखवून या. बाबा म्हणायचे, "तिथे धडधाकट माणूस गेला तरी चार आजार घेऊन येतो." दोघांचं हे रोजचं असल्यामुळे भिंगरीने कधी कान दिला नव्हता. कामासाठी म्हणून रविवारी सकाळी ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर वही घेऊन बसली.

"बाबा, कसं दुखतं ते करून दाखवा."

"पैसे तुला आणि मेहनत मी करू?" असं म्हणाले, पण स्वारी खुलली. उठले, बनियन खाली ओढला, मूठ वळली आणि छातीच्या मधोमध ठेवली. "हं, बघ. दोन मजले चढलो की इथून सुरू होतं. कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं. मग वर जबड्यात ओढ लागते."

"कागदात पोट लिहिलंय."

"पोटाचंच आहे गं. गॅस वर चढतो, त्याला काय जिना लागतो?"

"मग तुम्ही काय करता?"

"थांबायचं. दोन मिनिटांत जातं. कुणी बघत असेल तर वाकायचं आणि चप्पल सारखी केल्यासारखं करायचं. उगाच लोकांचा गलका नको."

भिंगरी खो खो हसली होती. मग तिने ते आरशासमोर बसवलं: चालता चालता थबकायचं, वाकून चप्पल सारखी करायची, पलंगावर टेकल्यावर मूठ छातीशी. आई भाजी निवडत म्हणाली, "अगदी यांच्यासारखं." बाबांना कोण अभिमान!

तर आता पाचवा आला. छातीवर पाच नंबरचा बिल्ला, केस विंचरलेले नाहीत, एका बाहीचं बटण तुटलेलं. हा तिसऱ्यांदा बसतोय, हे भिंगरीला मघाशी बाहेरच्या कुजबुजीतून कळलं होतं. कोपऱ्यात बसलेले म्हातारे प्रोफेसर गुणांचा कागद पुढे ओढून घेत होते. भिंगरी दर वेळेसारखी दारातून चालत आली, थबकली, वाकली, चप्पल सारखी केली, पलंगावर बसली आणि मूठ जागेवर ठेवली.

पाच नंबर काही बोलेना. नुसता बघत राहिला. एक अख्खं मिनिट गेलं. भिंगरीलाच चुळबुळ व्हायला लागली, अरे बाबा, विचार की भूक लागते का!

"मघाशी तुम्ही वाकलात," तो म्हणाला.

"चप्पल निसटली."

"निसटली नव्हती."

सकाळपासून चार जण आले होते. चौघांसमोर ती तशीच वाकली होती आणि कुणाची नजर तिच्या पायाकडे गेली नव्हती. आता तिला एकदम पकडल्यासारखं झालं आणि तितकंच बरंही वाटलं.

"जिना चढताना होतं का?"

कागदात जिना नव्हता. "तसं काही नाही" ओठांवर आलं होतं. पण याला नेमकं काय दिसलं, तो पुढे काय विचारणार, हे बघायचा मोह तिला आवरला नाही.

"दुसऱ्या मजल्यानंतर," ती म्हणाली.

"थांबल्यावर?"

"दोन मिनिटांत जातं."

"जबडा ओढतो?"

भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. जबड्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. याला काय माहीत आमच्या घरातला जबडा?

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. पेशंटने डॉक्टरला असं विचारायचं नसतं, तेही परीक्षेत. कोपऱ्यात प्रोफेसर खाकरले. घंटा वाजली.

"बोला, काय आहे हे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"हृदयाचं वाटतंय, सर. आत्ताच्या आत्ता ईसीजी काढायला हवा."

"वीस वर्षांची मुलगी आहे. पोटात जळजळ. डोकेदुखीच्या गोळ्या घेते, ते तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. आणि म्हणे हृदय?"

पाच नंबरचे कान लाल झाले. तो एकदा प्रोफेसरांकडे आणि एकदा भिंगरीच्या मुठीकडे बघत राहिला.

"वीस वर्षांच्या माणसाचं हे दुखणं नाही, ते मला कळतंय सर," तो हळूच म्हणाला. "पण दुखणं तेच आहे."

"या तुम्ही," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तो गेला. पुढचा यायला दोन मिनिटं होती. भिंगरी मूठ तशीच धरून बसली होती. ती सोडवेना. दोन महिने आई जे कानीकपाळी ओरडत होती, ते एका परक्या पोराने आठ मिनिटांत ऐकलं होतं आणि आपण? आपण आरशासमोर हसत होतो. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. ती पलंगावरून उतरली आणि थेट टेबलाशी गेली.

"सर, त्यांना नापास करू नका. चूक माझी आहे. ती मूठ, तो जबडा, जिना... कागदात नव्हतं ते."

"मला माहीत आहे नव्हतं. कागद मीच लिहिलाय." प्रोफेसरांनी चष्म्यावरून बघितलं. "मग आणलंत कुठून?"

"घरून. माझ्या बाबांचं आहे."

प्रोफेसरांचा हात कागदावर थांबला. ती बोलावणं बंद होण्याची, पैसे कापण्याची भाषा ऐकायच्या तयारीने उभी होती.

"वय काय त्यांचं?"

"चोपन्न."

"आता कुठे आहेत?"

"कामावर. शाळेच्या व्हरांड्याला रंग देतायत. शिडीवर असतील."

"फोन लावा," ते म्हणाले. आणि दार उघडून बाहेरच्यांना ओरडले, "पुढचा पाठवू नका. पाच नंबरला थांबवून ठेवा, आणि ईसीजीचं मशीन आणा."

बाबांनी फोन उचलला तो हसतच. "काय गं, झालीस का पास?"

"बाबा, आधी खाली उतरा. आणि इकडे या. डॉक्टर तुम्हाला तपासणार आहेत."

"मला? मला काय धाड भरलीय? अर्धी भिंत ओली आहे इथे. ठेव." आणि त्यांनी खरंच फोन ठेवला.

भिंगरी रडकुंडीला आली. ओरडून उपयोग नव्हता. आई दोन महिने ओरडतच होती. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पुन्हा फोन लावला. आता तिचा आवाज अगदी लाडात आला होता.

"बाबा, ऐका तर. इथला एक खोटा पेशंट आलाच नाही. सरांना माझं काम फार आवडलं. मी म्हटलं, मला शिकवलंय आमच्या बाबांनी. तर म्हणतायत, त्यांनाच बोलवा ना. पैसे देणार आहेत."

पलीकडे ब्रश डब्यात टाकल्याचा आवाज आला.

"तुझ्याएवढेच?"

"जास्त. तुम्ही मोठे कलाकार. आणि गाडी करून या हं, भाडं कॉलेज देतंय. चालत आलात तर भाडं बुडलं."

"आलोच," बाबा म्हणाले.

प्रोफेसर पाठ करून खिडकीबाहेर बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ पेशंटांना खोटं बोलताना ऐकलं असेल. हे त्यांनी खपवून घेतलं.

वीस मिनिटांनी बाबा आले. तोंड धुऊन, केस बसवून आले होते, पण कानाच्या पाळीला पिवळा रंग तसाच. "कुठे पडायचं?" त्यांनी रुबाबात विचारलं. शर्ट काढून पलंगावर आडवे झाले आणि पाच नंबर वायरी लावायला वाकला, तोच बाबा मोठ्याने कण्हले.

"अजून सुरू नाही केलं, काका," पाच नंबर म्हणाला.

"असू दे, गळा साफ केला."

मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. प्रोफेसरांनी ती दोन्ही हातांनी धरून पाहिली आणि पाच नंबरला दाखवली. भिंगरीला त्या रेघांतलं काही कळत नव्हतं, म्हणून ती त्यांचे चेहरे वाचत होती. त्यातून तिला हवं होतं त्यापेक्षा जास्तच कळलं. मग प्रोफेसरांनी स्टूल ओढलं, बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांचं मनगट हातात घेतलं.

"कधीपासून होतंय?"

"दोन महिने झाले असतील, साहेब." बाबांनी भिंगरीकडे बघून डोळा मारला. "जिना चढला की जरासं. थांबलं की जातं. विशेष काही नाही."

"आज इथेच राहायचं. वर बेड तयार करायला सांगितलाय."

"मुक्कामाचं काम आहे होय? मग त्याचे वेगळे पडतील हं." बाबा हसले.

कुणीच हसलं नाही. बाबांनी प्रोफेसरांकडे पाहिलं, मग तुटक्या बटणाच्या त्या पोराकडे, मग छातीवर चिकटवलेल्या वायरींकडे. सगळ्यात शेवटी लेकीकडे. ती ओठ घट्ट मिटून उभी होती आणि डोळे वाहत होते. ते काही नाटकातलं नव्हतं, तेवढं त्यांना कळत होतं.

"खरं आहे होय गं हे?"

तिने मान हलवली.

बाबा छताकडे बघत राहिले. भिंगरीला वाटलं, आता उठतील, वायरी उपटतील, भिंत वाळेल म्हणतील. तिने नकळत पलंगाचा कठडा धरला.

"साहेब, मग पहिल्यापासून विचारा," ते म्हणाले. "मी फार कमी करून सांगितलं."

प्रोफेसर उठले. त्यांनी स्टूल पाच नंबरच्या पुढे सरकवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. पाच नंबर बसला. त्याने कागद घेतला नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"सांगा, काका," तो म्हणाला.