डाव्या हाताचं मशीन

प्रज्योतनं ते मशीन तीन महिने मोबाईलवर पाहिलं होतं. त्याच्या बायकोनं, शिल्पानं, आज पहिल्यांदा समोर पाहिलं आणि ती एक पाऊल मागंच सरकली. चौघांनी मिळून टेम्पोतून उतरवलेलं, छातीएवढं उंच लोखंडी धूड. तीन चाकांवर ताणलेला दोन इंची खरखरीत पट्टा, आणि उजव्या अंगाला भोपळ्याएवढी मोटर.

रामनगरात हमरस्त्याला लागून प्रज्योतचं लोखंडी कामाचं शेड. पुढं शेड, मागं घर. मधल्या दाराला शिल्पानं हट्टानं कमरेएवढी फळी ठोकून घेतली होती, अडीच वर्षांच्या रक्षितासाठी. फळीच्या अलीकडं मायलेकी, पलीकडं लोखंड, असा घरचा कायदा होता.

शेडात गेट, खिडक्यांचे गज अशी कामं व्हायचीच, पण नाव झालं होतं कोयत्यांमुळं. त्यातही डाव्या कोयत्यांमुळं. इथल्या कोयत्याला धार एकाच अंगानं काढतात. उजव्या हातासाठी केलेला कोयता डावऱ्या माणसानं चालवला की तो फांदीवरून घसरतो, कधी गुडघ्यावर येतो. बाजारात डावा कोयता मिळत नाही. प्रज्योत स्वतः डावरा, त्यामुळं त्याला ते दुखणं ठाऊक. गुंद गावापासून पार धरणापलीकडच्या वाड्यांपर्यंत जेवढे डावरे, तेवढे याच शेडची वाट धरायचे.

आणि त्याच डाव्या हाताच्या तळव्यात शिमग्याच्या सुमारास हातग्राइंडरची चकती फुटून घुसली होती. अकरा टाके पडले, बोटं वाचली. "अजून थोडं आत गेलं असतं तर," एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पुढचं वाक्य शिल्पा तेव्हापासून रोज मनात पुरं करत होती.

म्हणूनच तर बेल्ट ग्राइंडरचा, म्हणजे या पट्ट्याच्या मशीनचा, विषय निघाला. "पट्टा तुटला तर फटका बसतोय, चकतीगत काळजात घुसत न्हाई," प्रज्योतचं म्हणणं. शिल्पाला ते पटलं होतं. अट एकच: मी पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही.

"बघा री अक्का, नीट बघा!" मशीन घेऊन आलेला शिवानंद हुबळीकडचा, बोलायला मोकळा. त्यानं दोन मशिनं आणली होती, एक हे धूड आणि एक लहान. मोठ्याचं बटण दाबलं तसा पट्टा सूं करत फिरू लागला. शिवानंदनं एक कच्चा कोयता उजव्या हातात धरून पट्ट्याला लावला. ठिणग्यांचा झोत खाली गेला, आणि कानशीनं दुपारभर घासावी लागणारी धार चहा निवायच्या आत निघाली. कोयता डाव्या हातात घेऊन त्यानं उजव्या हातानं मोटरवरचं बटण बंद केलं.

"आता बोला!"

"बोलायचं काय हाय त्यात?" प्रज्योतचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता. "सुगी तोंडावर आलीया. चाळीस कोयते द्यायचेत. ठेवून जावा आजच."

मशीन बघायला गुंदचा वासूही थांबला होता. साठीचा काटक कुणबी, कोयता अडकवायची आकडी कमरेला उलट्या बाजूला बांधणारा, म्हणजे डावराच. त्याचा नवा कोयता धार काढायचा राहिला होता. तो म्हणाला, "माज्याच कोयत्यावर बघ की रे पयलं."

प्रज्योतनं वासूचा कोयता डाव्या हातात धरला आणि मशीन चालू केलं. कोयता पट्ट्याला टेकतो न टेकतो तोच पात्याचं वाकडं टोक उजवीकडच्या मोटरच्या पत्र्यावर खणकन आपटलं. तो डावीकडं सरकला. कंबर वळवली, मान तिरकी केली, एक खांदा वर काढला, आणि तसाच वेडावाकडा उभा राहून धार काढू लागला. धार निघालीही. मग त्यानं कोयता उजव्या हातात घेतला आणि बंद करायला डावा हात पुढं केला. त्याचा हात आधी डावाच जायचा. बटण होतं उजवीकडं. हात फिरत्या पट्ट्याच्या तोंडापुढून गेला, शर्टाची बाही पट्ट्यापासून वीतभर अंतरावरून.

"अहो!" फळीमागून शिल्पा एवढ्या जोरात ओरडली की कडेवरची रक्षिता दचकून रडायला लागली.

"काय झालं गं?"

"हात कुठून घातलात ते बघितलंत?"

"सवय होतीया चार दिवसांत."

शिवानंद हसला. "अक्का, मिक्सर न्हाई हे. भ्यायलं तर कसं चालंल?"

"मिक्सरचं बटण तरी मी भांड्यावरून हात घालून बंद करत नाही," शिल्पा म्हणाली. वासू तोंडावर पंचा धरून खुदखुदला. प्रज्योतला मात्र ते लागलं. गिऱ्हाइकासमोर बायकोनं ओरडावं, हे कुठल्या नवऱ्याला आवडतं?

पण 'सवय होतीया' हा शब्द शिल्पाला पुरता ओळखीचा होता. लहानपणी सासूबाईंनी हातावर फटके देऊन प्रज्योतला उजव्यानं जेवायला लावलं, सवय झाली. शाळेत उजव्यानं लिहायला लावलं, सवय झाली. कात्री, कुलपं, मोटारसायकलची किक, जगातली प्रत्येक उलटी वस्तू त्यानं कुरकुर न करता अंगवळणी पाडून घेतली होती. दुसऱ्यांना हाताजोगता कोयता करून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हाताजोगतं काही मागता येतं, हेच ठाऊक नव्हतं.

"लहान मशीन लावून बघा," ती म्हणाली. त्याची बटणाची पेटी लांब वायरीवर सुटी होती, हवी तिकडं ठेवता येणारी. तिची नजर मघापासून तिथंच होती.

प्रज्योतनं गुपचूप लावून पाहिलं. सुरीला ठीक होतं. पण कोयत्याचं जाड पोलाद जरा दाबून धरलं की मोटर घुसमटायची आणि पट्टा जागीच थांबायचा. दोनदा, तीनदा तसंच झालं. त्यानं बायकोकडं पाहिलं. शिल्पाला खोटं बोलता येईना. "नाही, ह्याच्यानं हे काम व्हायचं नाही," ती म्हणाली.

"मग पायाचं बटण घ्या की!" शिवानंदनं टेम्पोतून एक पायटा आणून जमिनीवर ठेवला. "पाय ठेवला की चालू, उचलला की बंद. हात कुठंच न्यायला नको."

"हे झ्याक हाय!" प्रज्योत खूष झाला. शिल्पालाही हायसं वाटलं. आईचं शिलाई मशीन पायानं चालवतच ती वाढली होती. पायटा बघायला तिनं फळी ओलांडली आणि रक्षिताला क्षणभर खाली ठेवलं. वायर अजून जोडलेली नव्हती.

रक्षिता तुरुतुरु गेली आणि दोन्ही पायांनी पायट्यावर उभी राहिली. मग नाचायलाच लागली. "आई, बघ! थै थै!"

सगळे हसले. प्रज्योतही हसला, आणि मधेच त्याचं हसू जागच्या जागी विझलं. त्यानं पोरीला उचलून शिल्पाकडं दिलं, पायटा पायानं दूर सारला.

"फळी असतीया ना मधी," तो पुटपुटला, पण त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

"फळी किती दिवस पुरेल?" शिल्पा हळूच म्हणाली.

रस्त्यावरून गोव्याकडं जाणारा एक ट्रक गेला, शेडचे पत्रे थरथरले. मग वासू दारातल्या दगडावरून उठला.

"प्रज्योत, माजा कोयता करताना तू काय केलंतंस?"

"काय केलंतं?"

"हातात नुसती काठी दिलीस. म्हणलास, मामा, फांदी तोडल्यागत हलवा. दहा येळा हलवायला लावलंस, आन् तू नुसता बघत बसलास. मग लोखंड तापवलंस. आता तू हलव. आमी बघतो."

प्रज्योत लाजला. "कायतरीच काय, मामा."

"हलव रे! आमी डावऱ्यांनी काय रोज तुज्यापुढं नाच केला न्हाई?"

मशीनची वायरच काढून ठेवली. प्रज्योत बंद मशीनपुढं उभा राहिला आणि कामाची नुसती हालचाल करू लागला: कोयता लाव, सरकव, उचल. शिल्पानं रक्षिताला वासूकडं दिलं, पत्र्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि नवऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. मघाशी भीतीनं नुसतं बघत होती; आता नीट बघत होती.

"मोटर नाही, असं समजा. सरळ उभे राहा. वाकू नका."

तो सरळ झाला. हात आपसूक सैल पडले, खांदा खाली आला. तो आपल्या नादात लागला तशी ती एकदम ओरडली, "थांबा!"

त्याचा डावा हात कोयता सोडून, बटण शोधल्यासारखा बाजूला गेला, कमरेच्या किंचित वर. शेडचा खांब तिथंच होता. शिल्पानं खांबावर खूण केली. थोड्या वेळानं पुन्हा, तो बेसावध असताना, "थांबा!" हात तिथंच. तिसऱ्यांदाही दोन बोटांचाच फरक.

"लाल बटण इथं हवं," ती शिवानंदला म्हणाली. "दाबलं की फक्त बंद होणारं. चालू करणारं नको. मग पोरीनं दाबलं तरी मशीन थांबेलच फक्त. आणि मोटर डावीकडं. येते का तशी करून?"

शिवानंदनं डोकं खाजवलं. "येती री. सांगाड्याला दोन्हीकडं भोकं हायती. पण डावं मशीन आजवर कुणी मागितलंच न्हाई. कारखान्यात करून आणायला आठ-दहा दिवस लागतील. सुगीच्या आधी हवं असंल तर आजच ठेवून घ्या, मागून बदलू."

मागून म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. जे सांगायचं ते शिल्पाचं सांगून झालं होतं. चाळीस कोयते कानशीनं घासणारे हात तिचे नव्हते.

प्रज्योत मशीनभोवती एक फेरी मारून आला. पट्ट्यावरून हात फिरवला. मघाशी जिथं बाही गेली होती, तिथं बंद पट्ट्यापुढून डावा हात सावकाश नेऊन पाहिला. मग शिवानंदला म्हणाला, "परत चढवा टेम्पोत. डावंच करून आणा."

"आणि कोयते?"

"दहा दिवस कानशीनं घासीन. मामा, तुमचा झालाय. बाकीच्यांना सांगा, तवर दम धरा म्हणावं."

"धरतील रे," वासू म्हणाला. "दुसरीकडं जातील कुठं?"

शिवानंद वहीत लिहून घेऊ लागला: मोटर डावीकडं, लाल बटण खांबावर. "चालू करायचा मेन स्विच कुठं घेऊ?"

"भिंतीवर. उंच."

"किती उंच?"

प्रज्योतनं रक्षिताकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडं, तिथं चढली तर किती पोचेल याचा हिशेब केला. मग शिल्पाकडं वळून म्हणाला, "इकडं ये. हात वर कर."

"मी कशाला?"

"मी मशीनवर असताना काय झालं, तर फळीपलीकडनं पळत येऊन बंद करणार कोण? तुझा हात पोचाया हवा की."

शिल्पा भिंतीला लागून उभी राहिली. टाचा उचलायला लागली तसा तो म्हणाला, "टाचा नको. घाईत कोण टाचा उचलतंय?" तिनं पाय टेकले, हात सरळ वर केला, आणि त्यानं तिच्या बोटांच्या टोकाशी डाव्या हातानं खडूची रेघ ओढली.