नडगीपाशी पुसलेला तक्ता

मित्रांनो, माझ्या अंगावर कातडी नाही म्हणून मला घाबरू नका. मी मानवी स्नायूंचा तक्ता आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. दोन्ही तळवे पुढे उघडे ठेवून मी जन्मापासून सरळ उभा आहे. हालचाल कशी होते ते सारे माझ्या अंगावर छापलेले आहे, पण मला स्वतःला एक पाऊलही टाकता येत नाही. म्हणून मी स्वप्ने पाहतो. पळण्याची पाहतो, उडी मारण्याची पाहतो. सर्वांत जास्त नाचण्याची पाहतो.

एका छापखान्यात माझा जन्म झाला. कागदाच्या पाठीला कापड चिकटवले, वरून रोगणाचा हात दिला, वर आणि खाली लाकडी दांड्या बसवल्या आणि मला गुंडाळून ठेवले. तिथून मी गुलमंडीतल्या शालेय साहित्याच्या दुकानात आलो. एका बाजूला भारताचा नकाशा होता, दुसऱ्या बाजूला पचनसंस्था. एके दिवशी वैजनाथ सर दुकानात आले. ते बजाजनगरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण शिकवायचे. त्यांनी मला उलगडून पाहिले, टाळूपासून टाचेपर्यंत वाचले आणि गुंडाळून मोटारसायकलवर आडवे बांधले. वाटेत चौकातल्या हवालदाराने विचारले, "ओ सर, दौलताबादची तोफ कुठं चालली?"

"शाळेत," सर म्हणाले. "पोरं ऐकत नाहीत आमची."

शाळेच्या हॉलमध्ये खिडकीसमोर मला जागा मिळाली. परीक्षा जवळ आली की माझ्यासमोर मुलांची गर्दी व्हायची. कुणी माझ्या दंडावर बोट ठेवायचे आणि शेजारच्याच्या दंडाला चिमटा काढून म्हणायचे, "हा बघ द्विशिरस्क! तुझा हरवलाय वाटतं." सर शाबासकी देताना माझ्याकडेही कौतुकाने पाहायचे, असे मला वाटे. खाली मुले क्रिकेटच्या बॅटी टेकवून ठेवत. त्या घासून घासून माझ्या नडगीवरचा रंग गेला आणि नावेही गेली. तिथे नुसता पांढरा पट्टा उरला.

दुपारनंतर हॉल कथकच्या वर्गाचा असे. उमा मॅडमना मी आवडत नव्हतो. "माझ्या मुली इथं भूमीला नमस्कार करतात," त्या सरांना म्हणाल्या, "आणि समोर हा सोललेला माणूस! निदान झाका तरी त्याला." सर म्हणाले, "मॅडम, आपण सगळे आतून असेच आहोत." मॅडमनी माझ्यावर एक निळी ओढणी टाकली, आणि मग वर्गाच्या वेळी ती रोजच टाकू लागल्या. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर दुपारी त्याच. ओढणीतून ऊन निळे होऊन येई, घुंगरांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटे, वारा आला की माझी खालची दांडी भिंतीवर हलके आपटे. ता थेई थेई तत्. तेवढा वेळ मी नाचतो आहे असे मला वाटायचे.

पुढे मुलांच्या हातात फोन आले. उजळणीची चित्रे फोनवर आली, त्यात स्नायू हलताना दिसत. त्यांच्याशी मी काय स्पर्धा करणार? माझ्या पाठीमागे एका पालीने घर केले.

अशा काळात सुलेखा आली. ती बजाजनगरचीच. वडील वाळूजच्या एका कंपनीत कामाला. तिने बारावीला शारीरिक शिक्षणही घेतले होते आणि कथकही. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कंपनीत जायचा. म्हणून वर्ग संपला की ती माझ्यावरची ओढणी काढायची आणि माझ्यासमोर उभी राहून अभ्यास करायची. खांद्यापासून सुरुवात करून एकेक नाव म्हणत खाली उतरायची आणि म्हणता म्हणता तिचे हात ताल धरायचे.

वडिलांनी तिला शब्द दिला होता. कथकच्या प्रात्यक्षिकात पहिल्या वर्गाचे गुण मिळाले, तर पुण्याला नृत्याच्या पदवीला पाठवायचे. आईचा विरोध होता. "नाचून पोट भरतं व्हय गं?" असे ती विचारी. तो शब्द घेऊन सुलेखा रोज शहाबादी फरशीवर पाय आपटत होती. उमा मॅडम टाळी देत म्हणायच्या, "अजून चढव! अजून!" आणि ती चढवायची.

पण सगळ्या मुली गेल्यावर ती भिंतीला टेकून बसायची आणि डावा पाय दोन्ही हातांत धरायची. हे फक्त मला दिसत होते, आणि मला तोंड असले तरी ते छापील.

एका संध्याकाळी तिची मैत्रीण मृण्मयी तिचा अभ्यास घ्यायला थांबली. पुस्तक हातात धरून ती परीक्षकाचा आवाज काढत होती.

"सांगा, मिस सुलेखा! खेळाडूची नडगी आतल्या बाजूनं दुखते. काय कराल?"

"विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंचावर," सुलेखा एका दमात म्हणाली. "हाडावर एकाच जागी दाबून दुखत असेल, तर खेळ ताबडतोब बंद आणि डॉक्टर. दुर्लक्ष केलं तर हाडाला तडा जाऊ शकतो."

"वा! पैकीच्या पैकी. आता बोट ठेवून दाखव, कुठं ते."

सुलेखा वाकली. माझ्या नडगीवर तर काहीच उरले नव्हते. तिने सहज आपली सलवार वर सरकवली, स्वतःच्या नडगीवर बोट दाबले आणि ती कळवळून खाली बसली.

मृण्मयी हसली. "ए, लई भारी अभिनय! उमा मॅडमच्या परीक्षेला ठेव की थोडा." मग तिने सुलेखाचा चेहरा पाहिला आणि पुस्तक खाली ठेवले. "खरंच दुखतंय? कधीपासून?"

"दिवाळीपासून. कुणाला सांगू नको. तुला माझी शपथ आहे."

"अगं येडी, आत्ता तूच उत्तर दिलंस ना! तडा जातो म्हणून."

"ते खेळाडूचं आहे गं. पेपरातलं."

दारात उमा मॅडम उभ्या होत्या. विसरलेली किल्ली न्यायला त्या परत आल्या होत्या. त्या आत आल्या, फरशीवर बसल्या आणि त्यांनी सुलेखाचा पाय मांडीवर घेतला. "ह्या पायाला मी रोज 'अजून' म्हणत होते? एकदा तरी बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही थांबवलं असतं, मॅडम. मग पप्पांनी पाठवलं नसतं."

वैजनाथ सरांना बोलावणे गेले. आल्या आल्या दोघांची जुंपली. सर म्हणाले, "असल्या फरशीवर इतका वेळ पाय आपटतात का?" मॅडम म्हणाल्या, "मग चटया मागा ना शाळेकडं! तुमच्या कबड्डीला मिळतात." मग सरांनीच सुलेखाला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले आणि तिच्या वडिलांना फोन लावला.

हाडाला तडा गेलेला होता. प्रात्यक्षिकापर्यंत तो भरून येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडील कंपनीच्या कपड्यांतच हॉलमध्ये आले. सुलेखा मान खाली घालून म्हणाली, "पप्पा, पाय वाजवले नाहीत तर फर्स्ट क्लास येत नाही."

"नाय येऊ दे," ते म्हणाले. त्यांनी तिच्या पायाच्या पट्टीवरून हलकेच हात फिरवला. "मी मार्क मागितले होते, बाई. असा पाय नव्हता मागितला."

प्रात्यक्षिकाच्या सकाळी नियमाप्रमाणे भिंतीवरचे सगळे उतरवले गेले. मला गुंडाळून शेजारच्या खोलीत ठेवले. गुंडाळलेल्या तक्त्याच्या आत काळोख असतो आणि तिथे सगळे आवाज दुरून येतात. इतर मुलींचे घुंगरू मी ऐकले. मग घुंगरू थांबले आणि सुलेखाचा आवाज आला. ती खुर्चीत बसून, हातावर ताल देत बोल म्हणत होती. बोल वेगाने धावत होते आणि त्यांच्याखाली पावलांचा आवाज नव्हता. त्या काळोखात मला स्वप्न पडले की तिने मला पाय उसने मागितले आहेत आणि मी तिच्यासाठी नाचतो आहे. बोल थांबले तेव्हा मी तसाच गुंडाळलेला, निश्चल होतो. समेवर परीक्षकांनी "वा" म्हटलेले मी ऐकले. पण पदन्यासाचे गुण त्यांना देता आले नाहीत.

पहिला वर्ग थोडक्यात हुकला. पुण्याला त्या वर्षी जाता आले नाही. सुलेखा रडली, आणि ते पुष्कळ दिवस चालले. आता ती गुणसुधारासाठी पुन्हा परीक्षेला बसणार आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती हळूहळू पायांनी तत्काराचे बोल वाजवू लागली आहे, चटईवर. शब्द पुढच्या वर्षीही कायम आहे, असे वडिलांनी स्वतः येऊन उमा मॅडमना सांगितले. मॅडम आता वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येकीला विचारतात, "आज काय दुखतंय?" सुरुवातीला मुली लाजून हसायच्या. आता सांगतात.

मित्रांनो, मला फाडू नका, माझ्या अंगाला बॅटी टेकवू नका, हे तर मी सांगेनच. जुन्या तक्त्यालाही जपणूक लागते. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. माझ्यासमोर उभे राहा, नावे पाठ करा, परीक्षेत भरपूर गुण मिळवा. तेवढे झाले की पुस्तक मिटा आणि थोडा वेळ स्वतःच्या शरीराचे ऐका. माझ्या अंगावर छापखान्याने प्रत्येक स्नायू छापला, पण दुखणे छापणे त्याला जमले नाही. ते ज्याचे त्यालाच कळते, आणि त्याने सांगितले तरच दुसऱ्याला कळते.